मेअखेरचं पाणी : हिडकल, मलप्रभा, दूधगंगा, कृष्णा. मासा कुठं थांबतो, कधी खातो

हुक्केरीचा_गळ

रोहिणी नक्षत्र लागलं. हिडकल धरणाचं पाणी मागं सरकून हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडायचे हे दिवस. दरवर्षी याच सुमाराला एकच तक्रार ऐकू येते, "उन्हानं मासा खायचा बंद झालाय." म्हणून धागा काढतोय. ज्याला आपल्या पाण्याची माहिती आहे त्यानं लिहावं. हातात मासा धरलेले फोटो नकोत, त्याला दुसरे धागे आहेत.

माझं म्हणणं आधी मांडतो. रोहू, कटला, मृगळ यांना २५ ते ३२ अंशाचं पाणी मानवतं, त्यामुळं नुसत्या उन्हानं त्यांचं तोंड बंद होत नाही. अडतं ते प्राणवायूवर. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला जेमतेम साडेसात, तोही समुद्रसपाटीला. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट, म्हणजे आपल्याकडं त्याहून थोडा कमीच. त्यात मेमध्ये पाणी कमी, शेवाळ जास्त. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच ओढतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ सूर्योदयाच्या आधीची. प्राणवायू ३-४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की कार्प जातीचा मासा चरणं सोडतो, २ च्या खाली गेला की वर येऊन धापा टाकतो.

यावरून वेळ ठरवा. डिसेंबरात पहाटे पाचला जाऊन बसण्यात अर्थ आहे. मेमध्ये हिरव्या, थांबलेल्या पाण्यावर पहाट फुकट जाते. तिथं सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत, या दोन वेळा. वाहत्या पाण्यावर, बंधाऱ्याखाली मात्र पहाट चालते, कारण तिथं पाणी आपटून हवा घेतं.

जागा वाऱ्यावर ठरते. मेच्या उत्तरार्धात आपल्याकडं पश्चिमेचा वारा धरतो. तो वरचं पाणी, शेवाळ आणि त्यातले बारीक किडे पूर्वेच्या काठाला लोटतो, आणि लाटा फुटून तिथं हवाही मिसळते. कटला त्यामागं येतो. लोक मात्र सावली आणि पाठीवर वारा बघून पश्चिमेच्या काठाला बसतात. तोंडावर वारा घेऊन फेकायला त्रास होतो, शिसं १० ग्रॅमच्या जागी २०-२५ लावावं लागतं, पण मासा तिकडंच असतो.

नवशिका_टिळकवाडी

एक शंका. पहाटे तळ्यावर गेलं की मासेच मासे वर तोंड काढून दिसतात, अगदी काठाला. तरी एकही आमिष घेत नाही. तुमच्या हिशोबानं हे धापा टाकणारे झाले. पण चरणारा मासा आणि धापा टाकणारा मासा ओळखायचा कसा?

हुक्केरीचा_गळ

धापा टाकणारा मासा जागेवर असतो. तोंड वर, अंग तिरपं, ओठ सारखे हलताना दिसतात. सावली पडली तरी बुडत नाही, खडा टाकला तर थोडा सरकून परत वर येतो. लहान-मोठे, वेगवेगळ्या जातीचे एकत्र दिसतात. चरणारा मासा वर्तुळ उठवून खाली जातो, पुढचं वर्तुळ चार-पाच हात पलीकडं उठतं, आणि सावली पडली की गायब.

धापा टाकणारे दिसले तर आमिष बदलत बसू नका. ऊन चढून शेवाळाचं काम सुरू व्हायला दोन-तीन तास लागतात. तोवर चहा प्या. आणि तिथं चारा तर अजिबात टाकू नका. पेंड तळाला जाऊन कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते.

पाणी कसं आहे हे बघायला उपकरण लागत नाही. पांढऱ्या ताटलीला मधोमध भोक पाडून दोरी बांधा, खाली शिसं लावा आणि सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडा. ताटली दिसेनाशी होते तिथं दोरीला गाठ मारून माप घ्या. पाणी हिरवं असून २० सेंटिमीटरच्या आतच ताटली गेली तर पहाटे तिथं प्राणवायू संपतो असं धरून चाला. ३० ते ६० च्या दरम्यान असेल तर चांगलं. पाणी तांबडं असेल तर हे माप लागू नाही, तो नुसता गाळ आहे.

दूधगंगाकाठ

नदीचं मी लिहितो. निपाणी, सदलगा, एकसंबा या पट्ट्यात दूधगंगा-वेदगंगा म्हणजे उन्हाळ्यात नदी नसून कोल्हापुरी बंधाऱ्यांची साखळी आहे. बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, घातलेले असतात, मध्ये पाणी तुंबलेलं असतं. काळम्मावाडी धरणातून पाणी सुटलं की साखळी भरत खाली येते. हे आवर्तन कधी आहे ते माहीत नसेल तर गळ घेऊन बाहेर पडू नका.

आवर्तनाचं पाणी पोचतं तेव्हा काय होतं? पहिले काही तास पाणी चढतं आणि गढूळ होतं, काठावरचं कोरडं गवत बुडतं. मासा मधल्या डोहातून काठाला येतो, कारण बुडालेल्या गवतातून किडे सुटतात. या वेळेला गांडूळ लावून, फूट-दोन फूट खोलीवर, काठापासून दोन-तीन मीटरच्या आत टाकायचं. लांब फेकणारा उपाशी राहतो. पातळी स्थिर झाली की मासा परत खोलात जातो, मग तळाला पेंडेचा गोळा.

बरगे काढल्यावर उलटं. जूनच्या तोंडाला बरगे निघाले की फुगवटा काही तासांत उतरतो. मासा काठ सोडून डोहात आणि खडकाच्या कपारीत जातो, आणि पाणी उतरत असताना काहीच खात नाही. उतार थांबल्यावर पुढचे तीन-चार दिवस डोहात गर्दी असते. तेव्हा जाळंवाले हात धुऊन घेतात, गळवाल्यालाही मिळतं. पण बाजूच्या खड्ड्यात अडकलेली पिल्लं बादलीनं नदीत टाकायचं काम कुणी करत नाही, ते करा की ओ.

बंधाऱ्याखाली पाणी आपटतं तिथं वाम (सापासारखा लांब मासा) आणि शिंगटा (मिशीवाला मासा). वाम रात्री दगडाच्या फटीतून निघते. ४ नंबरचा गळ, अख्खं गांडूळ, शिसं शक्य तितकं हलकं, नाहीतर फटीत अडकतं. लागली की लगेच ओढून दगडापासून लांब काढायची. तिनं शेपटीचा वेढा घातला की तंगूस (गळाची नायलॉन दोरी) तुटलाच. पाठीवर काट्यांची रांग आहे, शेपटीकडून पुढं हात फिरवू नका.

आणि एक : दूधगंगेचा एक काठ कर्नाटक, दुसरा महाराष्ट्र, असं बऱ्याच ठिकाणी आहे. दोन्हीकडचं मत्स्यखातं वेगळं, ठेका वेगळा. या काठाचा कागद त्या काठाला दाखवून उपयोग नाही.

अथणीचा_नावाडी

कृष्णेवर येणाऱ्यांनी आधी मगरीचं बघा, मासा नंतर. मगर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठच्या वाळूत-मातीत अंडी घालते, पिल्लं साधारण मे-जूनमध्ये निघतात. मादी घरट्याजवळ असते आणि या दिवसांत अंगावर येते. काठाला घसरणीची गुळगुळीत वाट, चिखलात शेपटीचा ओढलेला माग, उकरलेली माती दिसली की ती जागा सोडायची.

गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकायचा नाही. धरलेले मासे दोरीत ओवून कमरेला बांधून पाण्यात ठेवायचे नाहीत. काठावर मासा साफ करून आतडी पाण्यात टाकायची नाहीत. अंधार पडला की पाण्याच्या कडेपासून पाच-सहा मीटर मागं. लांब दांड्याची झोळी असेल तर वाकावं लागत नाही.

दुसरा धोका मोटारीचा. काठावर शेतीपंप, त्यांच्या केबली पाण्यातून गेलेल्या, उन्हानं कव्हर तडकलेलं. गळ केबलीत अडकला तर ओढायचा नाही, पाण्यात उतरून सोडवायचा तर नाहीच नाही. तंगूस कापा. पाच रुपयांचा गळ जाऊ दे.

तिसरा, वाळू उपशाचे खड्डे. वरून पाणी गुडघाभर दिसतं, पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल. मलप्रभेवरही तेच.

नवशिका_टिळकवाडी

बाप रे. मग मी आपला तळ्यावरच बरा. पेंडेचा गोळा कसा करायचा ते नीट प्रमाणासकट सांगा ना कुणीतरी. माझा गोळा पाण्यात पडायच्या आधीच सुटतो.

पेंड_आणि_पीठ

हे माझं खातं.

रोहू-मृगळसाठी : शेंगदाणा पेंड अर्धा किलो, कुटून चाळलेली. फुटाण्याचं पीठ पाव किलो. तांदळाचा कोंडा पाव किलो, तव्यावर वास सुटेपर्यंत भाजलेला. मैदा १०० ग्रॅम. बडीशेप कुटून एक मोठा चमचा. आधी पेंड एकटीच बुडेल इतक्या पाण्यात तासभर भिजवा, मग पिळून बाकीचं मिसळा. पाणी एकदम ओतू नका, हात ओला करत मळा. पेंड भिजायच्या आत मैदा घातला की गोळा वरून घट्ट आणि आतून कोरडा राहतो, फेकताना फुटतो. तुमचं बहुतेक तेच होतंय.

तपासायची रीत : तळ्यातलंच पाणी पेल्यात घेऊन त्यात लिंबाएवढा गोळा सोडा. रोहूसाठी १५ ते २० मिनिटांत सुटायला हवा. कटल्यासाठी ५ ते ८ मिनिटांत, कारण कटला गोळा गिळत नाही, गोळ्यातून सुटणारा धुरळा तोंडानं ओढतो. घरच्या माठातल्या पाण्यावर तपासू नका. मेमध्ये तळ्याचं वरचं पाणी दुपारी ३२-३३ अंश असतं, त्यात गोळा लवकर सुटतो. टिकत नसेल तर मैदा ५० ग्रॅमनं वाढवा, जास्त नको. मैदा फार झाला की गोळ्याचं रबर होतं आणि मासा तोंडात घेऊन थुंकतो.

उन्हात पीठ चार-पाच तासांत आंबतं. किंचित आंबूस वास रोहूला चालतो, पण आंबलेलं पीठ मऊ पडून गळावरून गळतं. म्हणून कोरडं मिश्रण न्यावं आणि तिथंच दर दोन तासांनी थोडं थोडं मळावं. ओल्या सुती फडक्यात, सावलीत.

कटल्यासाठी मैदा जवळजवळ काढून टाका, फुटाण्याचं पीठ दुप्पट करा. गोळ्याभोवती आखूड धाग्यांवर ६ नंबरचे चार गळ मोकळे सोडा, गोळ्यात खुपसू नका. धागा दोन इंचापेक्षा लांब नको, गुंतो. खोली दोन ते चार फूट, वर बूच. मेमधला कटला तळाला शोधणाऱ्याला काही मिळत नाही. तळाशी पाणी थंड असेल, पण प्राणवायू नसतो.

चारा म्हणून लिंबाएवढे पाच-सहा गोळे बस झाले. हिवाळ्यातला पाटीभर चारा आता टाकू नका. कारण वर हुक्केरीच्या गळानं सांगितलंय.

खानापुरी

वरचं सगळं ठीक, पण मरळ राहिली. प्राणवायू संपलेल्या पाण्यात खाणारा मासा तोच. मरळ वर येऊन सरळ हवा घेते, तिला पाण्यातल्या प्राणवायूची तेवढी गरज नाही. मार्कंडेय नदीच्या जलपर्णीत, शेतातल्या जुन्या विहिरीत, आटत आलेल्या तळ्यात, जिथं रोहू मान टाकतो तिथं मरळ शिकार करते. दुपार सोडून कधीही.

जलपर्णीत वाव-दोन वावाची मोकळी खिडकी बघायची. दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसायचं. मरळ हवा घ्यायला येते तेव्हा एकच 'गुळप' असा आवाज आणि बुडबुडा. ती जागा धरून रबरी बेडूक खिडकीच्या पलीकडच्या पानावर टाकायचा आणि ओढत पाण्यात उतरवायचा. विणलेला धागा, ४० ते ५० पौंडाचा. साधा तंगूस पानांत कापला जातो. आणि सगळे चुकतात ते इथं : पाणी उसळलं की लगेच झटका देतात. बेडूक तोंडात पूर्ण गेलेला नसतो. मनात एक-दोन म्हणा, धागा ताणलेला जाणवला की मग झटका, आणि लगेच ओढ. तिला पानाखाली शिरू दिलं की संपलं.

पाण्यावर नारिंगी-तांबड्या पिल्लांचा थवा हलताना दिसला तर तिथं बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, ते भूक नसताना रागानं मारतात, म्हणून सहज मिळतात. दोघं गेले की तासाभरात बाकीचे मासे थवा संपवतात. पिल्लं दिसत असताना मरळ काढणं मला पटत नाही, कुणाला राग आला तर येऊ दे.

आमच्याकडची मलप्रभा कणकुंबीपासून खाली मेमध्ये डोहाडोहात तुटलेली असते. डोह लहान, मासा कोंडलेला, आणि पाच माणसं दोन दिवसांत डोह रिकामा करतील इतकं ते सोपं. म्हणून मी तिथल्या जागा लिहिणार नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मासेमारी नाहीच. महाशीर लागला तर सोडा.

दूधगंगाकाठ

खानापुरींना +१. जागा न लिहिल्याबद्दल विशेष +१.

मिरगाची_वाट

वळवाचं कुणी लिहिलं नाही. मेअखेरचा अर्धा खेळ वळवावर आहे.

वळीव पडला की दोन गोष्टी होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. ओढ्याच्या तोंडाशी ताजं, गार, हवा मिसळलेलं पाणी येतं, सोबत गांडुळं आणि किडे. तिथं मासा येतो. लाल पाणी आणि साफ पाणी यांची रेघ स्पष्ट दिसते. आमिष त्या रेघेवर, साफ पाण्याच्या बाजूला. गांडूळच, पेंड नाही. गढुळात मासा वासापेक्षा हालचाल लवकर ओळखतो.

उथळ, शेवाळलेल्या तळ्यात मात्र वळवानंतरची सकाळ वाईट. वरून गार पाणी पडतं, जड म्हणून तळाला जातं आणि तळाचं कुजकं पाणी वर येतं. कुजक्या अंड्याचा वास आला, पाणी हिरव्याचं काळपट-करडं झालं, की त्या दिवशी गळ बांधूनच ठेवा. त्यात आभाळ झाकलेलं राहिलं तर शेवाळही प्राणवायू देत नाही. मासे मरतात ते अशाच सकाळी, आणि गावात बोभाटा होतो की कुणीतरी विष घातलं. कधी खरंच घातलेलं असतं. विष आणि सुरुंग, दोन्हीला १८९७ च्या मत्स्यकायद्यापासून बंदी आहे. उसाच्या पट्ट्यात पहिल्या पावसाबरोबर मळीचं पाणी नदीत उतरतं तो आणखी एक प्रकार, तेव्हा पाणी चहासारखं तपकिरी होतं आणि फेस धरतं. कारण काहीही असो, तरंगता मासा घरी आणू नये. बेळगावचा बळ्ळारी नाला मार्कंडेयला मिळतो त्याच्या खालचा मासाही मी खाण्यासाठी धरणार नाही.

वीज कडाडायला लागली की कार्बनची काठी आडवी ठेवून तिच्यापासून लांब व्हा. काठी उभी धरून उघड्या काठावर तुम्हीच सगळ्यात उंच असता. ढग लांब वाटतो, पण गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते.

सौंदत्तीवाला

रेणुकासागरचं, म्हणजे मलप्रभेच्या धरणाचं, थोडक्यात. पाणी ओसरलं की मैलभर गाळ उघडा पडतो. वरून भेगा पडलेला दिसतो म्हणून वाळला असं समजू नका, वीतभर पापुद्र्याखाली मऊ रेंदा असतो. जिथं गवत उगवलंय किंवा मुरूम आहे तिथूनच पाण्याकडं जा, काठी टोचत. माणूस मांडीपर्यंत रुतला तर दुसऱ्यानं जवळ जायचं नाही, फळी किंवा झाडाची फांदी पुढं सरकवायची.

उघड्या काठाला ताटासारखे गोल खड्डे दिसतात ती चिलापीची घरटी. पाण्यातही तशीच पुढं असतात. भरदुपारी काहीच चालत नाही तेव्हा चिलापी चालते, तिला उष्ण आणि कमी प्राणवायूचं पाणी सोसतं. ८ ते १० नंबरचा बारीक गळ, गांडुळाचा अर्ध्या इंचाचा तुकडा, हलकं बूच. मोठा गळ लावला की आमिष कुरतडून नेते.

नवशिका_टिळकवाडी

राकसकोपला चालेल का? जवळ पडतं. धुपदाळचंही ऐकलंय.

हुक्केरीचा_गळ

राकसकोप बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे, तिथं नको. धुपदाळ घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतं, तिथंही नको. गावतळं बघा, पण तळं ठेक्यानं दिलेलं असतं. मच्छीमार सोसायटीच्या माणसाला आधी विचारा. बहुतेक जण गळाला नाही म्हणत नाहीत, जाळ्याला म्हणतात.

पेंड_आणि_पीठ

धरलेल्या माशाचं कुणीतरी लिहा, नाहीतर मी लिहितो. जाळीच्या पिशवीत काठाला पाण्यात ठेवायची सवय मेमध्ये सोडा. काठाचं पाणी दुपारी सगळ्यात गरम, मासा तासाभरात मरतो आणि मेलेला तिथंच शिजतो. ठेवायचा असेल तर लगेच मारा, कल्ले कापून रक्त काढा, आतडी काढून पोट धुवा, आणि डब्यात बर्फ-मासा-बर्फ असे थर. एक किलो माशाला एक किलो बर्फ. डब्याचं भोक उघडं ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा पडून राहिला की अंग मऊ पडतं. सोडायचा असेल तर हात ओला करून धरा, अर्ध्या मिनिटाच्या आत पाण्यात. गरम पाण्यात दमलेला मासा लवकर सावरत नाही, तोंड प्रवाहाकडं करून धरा आणि स्वतःहून निघेल तेव्हाच सोडा.

मिरगाची_वाट

आता पोटं भरलेली असतात हेही बघा. मृगाचा पाऊस होऊन पाणी चढलं की मासा अंडी टाकायला ओढ्यांनी वर जातो. पोट फुगलेलं, मऊ आणि दाबल्याशिवाय अंडी गळत असतील तर ती मादी परत टाका.

दूधगंगाकाठ

आणि चढणीचे मासे? गडहिंग्लज-चंदगडपासून निपाणीपर्यंत निम्मा मुलूख त्या दिवसाची वाट बघत असतो. सगळ्यांना बंदी सांगून कोण ऐकणार?

मिरगाची_वाट

बंदी सांगत नाही. ओढ्याचं पूर्ण तोंड जाळ्यानं किंवा बुट्ट्यांनी अडवू नका, एवढंच. अर्धं तोंड मोकळं ठेवा आणि पहिल्या चढणीची रात्र जाऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या पुराला धरा. पहिल्याच रात्री ओढा पुसून नेला तर हिवाळ्यात पिल्लं कुठून येणार?

अथणीचा_नावाडी

आमच्याकडं पहिल्या पुराबरोबर मगरीची पिल्लंही ओढ्यात शिरतात. रात्री चढणीला हात घालणाऱ्यांनी बॅटरी घेऊन जा, आणि हात घालायच्या आधी काठीनं कपार हलवून बघा.